जाळी काढून घेतलेलं पाणी

विमानातलं प्यायचं पाणी कुठून येतं असं विचारलं की शिकलेली माणसंसुद्धा वर बघतात. वर काय ठेवलंय? विमानतळाच्या मागच्या अंगाला, कचऱ्याच्या डब्यांच्या रांगेपलीकडे, एक नळ आहे. त्या नळावर टँकर भरतो, टँकरातून विमानाच्या पोटातली टाकी भरते, आणि टाकीतलं पाणी गॅलीत, म्हणजे विमानातल्या त्या टीचभर स्वयंपाकघरात, आणि टॉयलेटमध्ये जातं. या वाटेवर ते कुठे नासलं का, हे बघायचं काम सरकारने एका खात्याकडे दिलंय. त्या खात्यात हे काम मनापासून करणारी एकच बाई आहे. ती मी.

हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. आमच्याकडे माझ्याशिवाय नमुने घेणारे तिघे. एकाचे गुडघे दुखतात, म्हणून तो दाराजवळच्या नळावरच बाटली भरतो आणि रिपोर्टात 'मागचा नळ' लिहितो. दुसऱ्याने एकदा एकाच विमानात चार विमानांच्या बाटल्या भरल्या आणि चारही पाण्यांचा निकाल दशांशापर्यंत सारखा कसा, असं लॅबने विचारल्यावर म्हणाला, योगायोग. तिसऱ्याबद्दल काही बोलायचं तर तो आधी कामावर दिसला पाहिजे. सगळे पाट्या टाकणारे. आणि यांच्या डोक्यावर आमचे साहेब. त्यांना आम्ही 'तूर्तास' म्हणतो. त्यांचं प्रत्येक वाक्य या शब्दाने सुरू होतं आणि तूर्तास बाजूला ठेवलेली फाइल त्यांच्या निवृत्तीपर्यंत बाजूलाच राहते.

मी मात्र नियमावलीतल्या अठराच्या अठरा पायऱ्या पाळते. हातमोजे घालायचे. नळाच्या तोंडाला बारीक जाळी असते, ती फिरवून काढायची आणि स्वच्छ कागदावर ठेवायची. नळाचं तोंड स्पिरिटने पुसायचं, आत-बाहेर. दोन मिनिटं पाणी सोडायचं. मग बाटली धरायची, काठाला बोट न लावता. झाकण लावायचं, वेळ लिहायची, जाळी परत बसवायची. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. अकरा वर्षांत माझी एक बाटली रद्द झालेली नाही, आणि हे मी येईल त्याला ऐकवते.

विमान कंपनीचा पाण्याचा अधिकारी आहे, त्याला आम्ही 'अत्तर' म्हणतो. तो यायच्या आधी त्याचा वास येतो आणि गेल्यावर अर्धा तास खिडकी उघडी ठेवावी लागते. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. चार तारखा आणि चार उड्डाणं सांगितली आणि म्हणाला, "मॅडम, या दिवसांच्या आसपासचे तुमचेच रिपोर्ट हवेत. बाकीच्यांचे नकोत. तुमच्या सहीपुढे कुणी शब्द काढत नाही."

माणूस गोडबोल्या आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी फुगले. त्याच दुपारी चारही रिपोर्ट काढले, शिक्का मारला आणि पाठवून दिले. चारही स्वच्छ होते. कशाला हवेत, हे मी विचारलं नाही.

आता धाकटीबद्दल सांगते. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती शाळेत होती; तिच्या वेण्या मी घातल्या, तिचे निकाल मी आणले, तिला मी मोठं केलं. ती त्याच कंपनीच्या विमानात काम करते, सतरा वर्षं झाली. घरात आम्ही दोघीच. गेल्या दोन वर्षांत ती तीनदा हॉस्पिटलात पडली. जुलाब, ताप, सलाईन. बरी व्हायची, पुन्हा उडायची, पुन्हा आडवी. अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. गणवेशाची बटणं दोनदा आत घेऊन शिवली, तीही मीच. ती पहिल्यापासून म्हणत होती की विमानातल्या पाण्याने होतंय, आणि मी पहिल्यापासून म्हणत होते की तू बाहेर काहीबाही खातेस त्याने होतंय. हॉटेलात उतरलीस की खाली जाऊन गाडीवरचं खात असशील, मी काय ओळखत नाही तुला? ती दोन-तीनदा वाद घालायची आणि मग गप्प बसायची. गप्प बसली म्हणजे मी जिंकले, असा माझा हिशेब.

सोमवारी सकाळी मी चहा गाळत होते. तिने एक लिफाफा ओट्यावर ठेवला.

"वाच."

कंपनीच्या वैद्यकीय मंडळाचं पत्र. तीन आजारपणं झाली, सबब पोटाचा जुना विकार दिसतो, सबब उड्डाणाला कायमचं अपात्र ठरवण्याचा विचार आहे. गुरुवारी अकरा वाजता हजर राहावं, सोबत एक नातेवाईक चालेल. विमानातल्या पाण्याबद्दलची आपली तक्रार तपासली असून त्यात तथ्य नाही, पुरावे सोबत जोडले आहेत. पुरावे म्हणजे अत्तराने मागून घेतलेले ते चार रिपोर्ट, तिच्या तीन आजारपणांच्या आसपासचे. चारहींच्या खाली माझी सही.

"ही सही ओळखतेस ना?" धाकटी म्हणाली.

माझ्या हातातला चहा गाळायचा राहिला. पण मी काय गप्प बसणारी आहे? "मग काय खोटी सही करायला हवी होती?" मी म्हणाले. "पाणी स्वच्छ होतं, मी स्वच्छ लिहिलं."

"त्याच नळाचं पाणी मी प्यायलेय, ताई."

"नळाचं कशाला पितेस? बाटल्या असतात."

"बाटल्या प्रवाशांच्या. नऊ तासांच्या फेरीत आम्हाला एक. ती पहिल्या दोन तासांत संपते. मग गोळी घ्यायची झाली, तोंड कोरडं पडलं, की मागच्या गॅलीचा नळ. हे मी तुला मागच्या वर्षीपण सांगितलं होतं."

"मागच्या वर्षी तू हॉटेलात कायकाय खाल्लंस तेही सांगितलं होतंस."

तिने पत्र घडी करून पर्समध्ये घातलं. "सतरा वर्षं झाली गं," ती म्हणाली. "मला दुसरं काही येत नाही. आणि मला दुसरं काही करायचंही नाहीये." एवढं बोलून ती आपला कप विसळायला गेली. चहा प्यायलीच नव्हती, तरी कप विसळला.

मला तिचा राग आला. खरंच आला. अकरा वर्षांचं माझं काम, आणि ही म्हणते पाणी खराब. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? विमान आहे, नळ आहे, मी आहे. तिच्या डोळ्यांसमोर निकाल ठेवते आणि हा वाद एकदाचा संपवते. मंडळासमोर उभं राहायचं तर खऱ्या कारणाने तरी उभी राहील, पाण्याचं खूळ डोक्यातून जाईल. एवढी मी समंजस.

तिच्या आजारपणाआधीच्या फेऱ्या मी ताडून पाहिल्या. तिन्ही वेळा एकच विमान निघालं. तेच विमान मंगळवारी सकाळी विमानतळावर दोन तास उभं होतं. मी माझी पेटी घेऊन मागच्या शिडीने चढले. आत सफाईवाल्यांची धावपळ चालली होती, आणि खाली टँकर लावून टँकरवाले काका टाकी भरत होते. हे काका विमानतळावर माझ्याआधीपासून आहेत. पाणी भरून झालं की पावतीवर सही घ्यायला वर येतात आणि कुणी भेटलं की बोलत बसतात, म्हणून मी त्यांना टाळते.

मागच्या गॅलीत मी अठरा पायऱ्या केल्या. जाळी काढली, कागदावर ठेवली, स्पिरिट फिरवलं, घड्याळ लावून दोन मिनिटं पाणी सोडलं, बाटली भरली. झाकण लावत होते तेवढ्यात काका पावती घेऊन दारात उभे.

"बाई, ती जाळी कशाला काढलीत?"

"नियम आहे. जाळीत काही अडकलेलं असलं तर ते पाण्यात उतरतं आणि नमुना बिघडतो. आपल्याला टाकीतलं पाणी तपासायचंय, जाळी नाही."

"अस्सं." त्यांनी जाळीकडे बघितलं. "मग आता ती फेकून देणार?"

"फेकून कशाला? परत बसवणार."

"तीच?"

"तीच. नाही तर काय, घरी नेऊ?"

"नाही, म्हटलं, अडकलेलं आहे तसंच परत बसवणार. पिणारे काय जाळी काढून पितात?"

"काका," मी म्हणाले, "तुम्ही टँकर चालवा. मी तुम्हाला गिअर कसा टाकायचा ते सांगायला येते का?"

ते हसले आणि पावती घेऊन सही करणाऱ्याला शोधायला पुढे गेले. मी कागदावरची जाळी उचलली, नळाला लावायला. अकरा वर्षं मी जाळ्या उचलतेय. दोन बोटांत धरायची, आटे जुळवायचे, फिरवायची. जाळीकडे बघायचं अठरा पायऱ्यांत कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. आतल्या बाजूला तपकिरी बुळबुळीत थर होता, नाक शिंकरल्यासारखा, आणि त्यात निळ्या फडक्याचा एक धागा.

निळं फडकं शोधायला लांब जावं लागलं नाही. दोन पावलांवर टॉयलेटचं दार उघडं होतं. सफाईवाली बाई आत वाकून भांड्याची बैठक पुसत होती. बैठक झाली, मग कडी पुसली, बेसिन पुसलं, बाहेर आली आणि त्याच फडक्याने गॅलीचा ओटा पुसायला घेतला. ओट्यावरून फडकं नळावर गेलं. नळाचं तोंड तर तिने छान पीळ देऊन पुसलं.

"फडकी किती मिळतात तुम्हाला?" मी विचारलं.

"एक," ती म्हणाली. "एका विमानाला एक. आणि बारा मिनिटं."

तिच्यावर काय ओरडणार? ज्या कंत्राटदाराने एवढ्या मोठ्या विमानाला एक फडकं मोजून दिलं, त्याची अक्कल फडक्याएवढीही नसणार. आणि त्याला ते कंत्राट ज्या अत्तराने दिलं, त्याच्या अंगाला येणारा वास आता मला कळला, कशावर पांघरूण घालतो तो. पण हे सगळे शिव्याशाप मनात चालू असताना एक गोष्ट लक्षात आली होती. हे फडकं आजचं नव्हतं. मी या गॅलीत पहिल्यांदा उभी नव्हते.

मी जाळी होती तशी नळाला बसवली. स्पिरिट लावलं नाही. पाणी सोडून दिलं नाही. तहानलेलं माणूस जसं धरेल तशी दुसरी बाटली नळाखाली धरली आणि भरली. नियमावली हातात घेतल्यापासून पहिल्यांदा मी नियम मोडला.

लॅबमध्ये बाटलीत एक पूड टाकतात आणि ती एक दिवस उबेत ठेवतात. पाणी स्वच्छ असलं तर रंग बदलत नाही. जंतू असले तर पिवळं होतं. आणि ते जंतू आतड्यातले असले, स्पष्ट सांगायचं तर संडासातल्या घाणीतले, तर ती पिवळी बाटली जांभळ्या दिव्याखाली निळी चमकते. बुधवारी अकरा वाजता मी ती उबेची पेटी उघडली. पहिली बाटली होती तशीच, पाण्यासारखी. दुसरी पिवळीधमक. दिव्याखाली धरली. पहिली काळी राहिली, दुसरी अशी चमकली की मला तिच्यावरची माझीच अक्षरं वाचता आली.

मी स्टुलावर बसले. अकरा वर्षं मी लोक जे पीत होते तेवढं सोडून बाकी सगळं तपासत होते. घाण उचलून बाजूला ठेवायची, पाणी तपासायचं, स्वच्छ म्हणून सही करायची आणि घाण परत जागेवर बसवायची. स्वतःच्या हाताने, हातमोजे घालून. गुडघेवाला निदान जाळी काढायचा कंटाळा करायचा. त्या आळशाची एखादी बाटली पिवळी निघाली असेल तर तीच आमच्यातली खरी बाटली, आणि अशा त्याच्या दोन बाटल्या मीच रद्द करायला लावल्या होत्या, 'पद्धतीत त्रुटी' म्हणून. मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे सांगत नाही.

दोन्ही बाटल्या घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"तूर्तास," ते म्हणाले, "ही दुसरी नोंदवू नका."

"का?"

"नियमात जाळी काढून नमुना घ्यायचा आहे. तुम्ही जाळी ठेवून घेतलात. म्हणजे हा नमुना नाहीच. जो नमुना नाही त्याचा निकाल कसा असेल?"

"साहेब, लोक जाळी ठेवूनच पितात."

"लोकांना नियमावली लागू नाही," तूर्तास म्हणाले, अगदी शांतपणे, आणि मला दिसलं की त्यांना यात विनोद असा काही वाटला नव्हता. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बाई, उद्या मंडळावर खात्याच्या वतीने मी आहे. ती मुलगी तुमची बहीण आहे हे तुम्ही कळवलं नव्हतंत. आता तुम्ही हे घेऊन उभ्या राहिलात तर लोक म्हणतील, बहिणीसाठी जाळी लावली. आणि ही बाटली खरी धरली तर तुमचे अकरा वर्षांचे रिपोर्ट काय, रद्दी? सगळ्यात आधी तुमचं नाव जाईल. माझं ऐका. ओतून टाका."

आणि आता ऐकाच. मी गेले बेसिनपाशी. झाकण उघडलं होतं. मला धाकटी दिसत नव्हती, मला माझ्या कपाटातल्या फायली दिसत होत्या, वर्षवार लावलेल्या, पाठीवर माझ्या अक्षरात तारखा. उद्या गुडघेवाला त्या फायलींकडे बोट दाखवून हसणार. तो. मला. बाटली तिरकी केली तेवढ्यात फोन वाजला. धाकटी.

"ताई, उद्या तू येऊ नकोस," ती म्हणाली. "मी एकटी जाईन."

"का? नातेवाईक चालतो म्हणून लिहिलंय."

"तुझी सही आहे तिथे. तेवढी पुरे."

तिने फोन ठेवला. माझं डोकं सणकलं. वेण्या घातल्या, बटणं शिवली, आणि मला येऊ नकोस म्हणते? मी झाकण घट्ट लावलं. लोकांना वाटेल माझा विवेक जागा झाला. विवेक वगैरे काही नाही. मला राग आला आणि रागाने ती बाटली वाचली.

गुरुवारी मी तिच्या आधी जाऊन बसले. कंपनीच्या इमारतीतला चौथा मजला, भिंतीवर हसऱ्या बायकांची चित्रं, हातात ट्रे. धाकटी आली, मला बघून तिने ओठ मिटले आणि एक खुर्ची सोडून बसली. आत टेबलामागे तिघे. मधोमध कंपनीचे डॉक्टर, पेशंट समोर बसलेला असताना कागदाची नाडी बघणारे. एका बाजूला अत्तर, दुसऱ्या बाजूला तूर्तास, नजर खिडकीबाहेर.

डॉक्टरांनी माझे रिपोर्ट पत्ते वाटावेत तसे टेबलावर मांडले. "पाणी चारही वेळा स्वच्छ," ते धाकटीला म्हणाले. "आणि मला आत्ताच कळलं की या सह्या तुमच्या थोरल्या बहिणीच्या आहेत. म्हणजे निदान त्यांच्यावर तरी तुमचा अविश्वास नसावा."

अत्तर मंद हसलं. "मॅडमचं काम म्हणजे सोन्याचा कस."

धाकटीने मान खाली घातली होती. तिच्या मनगटाचं हाड किती वर आलंय ते मला तेव्हा दिसलं. घरात रोज समोर असून दिसलं नव्हतं.

मी पिशवीतून बाटल्या काढून रिपोर्टांवर ठेवल्या. पहिली आणि दुसरी. काय, कुठे, कसं, ते सांगितलं. फडक्याचंही सांगितलं. अत्तराचं हसू तिथेच वाळलं.

"ही बाटली नियमाप्रमाणे घेतलेली नाही," तूर्तास म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "नियमाप्रमाणे घेतलेली ही. स्वच्छ आहे. हे पाणी कुणी पीत नाही. पितात ते हे."

"पण मग तुमचे हे चार रिपोर्ट?" डॉक्टरांनी पहिल्यांदाच कागदावरून डोळे उचलले.

"त्यांची किंमत नाही."

"तुम्ही हे बहिणीसाठी बोलताय," अत्तर म्हणालं.

"असेल. तुम्ही कंपनीसाठी बसलात, मी बहिणीसाठी. तुमच्या दुसऱ्या कुठल्याही विमानात चला, आत्ता, तुम्ही निवडा. मी जाळीला हात लावणार नाही, तुम्ही बाटली भरा." कुणी उठलं नाही. अत्तराने घड्याळ बघितलं.

"लिहून द्याल?" डॉक्टरांनी विचारलं. मला वाटतं त्यांना वाटलं होतं मी कचरेन.

मी लिहून दिलं. अकरा वर्षांत घेतलेले माझे सर्व नमुने जाळी काढून घेतलेले आहेत, त्यावरून प्रवाशांनी किंवा कर्मचाऱ्यांनी प्यायलेलं पाणी स्वच्छ होतं असं म्हणता येत नाही. खाली सही. माझी सही कधी नव्हे ती वाकडी आली.

आम्हाला बाहेर बसवलं. चाळीस मिनिटांनी कारकुनाने दोन कागद आणून दिले. एक धाकटीला. आजाराचं कारण पाणी नाही असं ठामपणे म्हणता येत नसल्याने अपात्रतेचा प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे, सहा महिने उपचार आणि मग पुन्हा उड्डाण. दुसरा मला, आमच्या साहेबांच्या अक्षरात. चौकशी होईपर्यंत तूर्तास आपण नमुने घेऊ नयेत.

धाकटीने कागद दोनदा वाचला. डोळे पुसले. मी वाट बघत बसले होते, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता गळ्यात पडेल. निदान 'ताई' म्हणेल. माझं सगळं गेलं होतं, तेवढं तर मला मिळायला हवं होतं.

"हे रिपोर्ट तुझ्याकडे कुणी मागितले?" तिने विचारलं.

"अत्तराने, फोन करून. तारखा सांगितल्या, मी पाठवले."

"कशाला हवेत ते नाही सांगितलं?"

"मी विचारलं नाही."

तिने समोरच्या भिंतीवरच्या ट्रेवाल्या बायकांकडे बघितलं.

"माझ्याआधी कधी मागितले होते? असेच, तारखा सांगून?"

"मागतो अधूनमधून."

"किती वेळा, ताई?"

मी बोटांवर मोजायला लागले. पहिला फोन सहा वर्षांपूर्वीचा, नवीन विमानं आली त्या सुमाराचा. मग एका आठवड्यात दोन. मग लॅब बंद होती तेव्हाचा, त्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी येऊन कपाट उघडलं होतं. प्रत्येक वेळी त्याच दिवशी पाठवले होते, एकदाही उशीर नाही.

"सात," मी म्हणाले.

"सात जणी. माझ्यासारखंच पत्र आलं असेल प्रत्येकीला, खाली तुझी सही." तिने पर्समधून पेन काढलं आणि आपल्या निकालाचा कागद उलटा करून मांडीवर धरला. "नावं सांग."

मला तारखा आठवत होत्या. विमानांचे नंबर तर तोंडपाठ होते. नाव मी एकीचंही विचारलं नव्हतं.